मॉरिशसची भाची

मी संशयी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. दूधवाला माप घालत असला की मी मापाकडे बघत नाही, त्याच्या डोळ्यांकडे बघते. कुणी कारण नसताना गोड बोललं की माझ्या मनात पाल चुकचुकते. माझी बहीण म्हणते, ही लग्नात सप्तपदी चालतानासुद्धा भटजी एखादं पाऊल गाळतोय का ते मोजत होती. मोजतच होते. आणि त्याने गाळलं नाही, ते मी मोजत होते म्हणूनच, असं माझं अजून मत आहे.

नव्वदीच्या उत्तरार्धात आमच्या यांची पुण्याहून गुडगावला बदली झाली. तेव्हा त्याला गुरुग्राम कुणी म्हणत नव्हतं. परदेशी कंपन्या नुकत्याच यायला लागल्या होत्या. मोहरीचं शेत, मग अचानक एक काचेची इमारत, मग पुन्हा शेत, मग आमची सोसायटी. लिफ्ट होती, पण वीज नसायची. फाटकावर एक गार्ड, त्याच्यापुढे एक जाडजूड रजिस्टर, आणि त्या रजिस्टरवर आमच्या सेक्रेटरीसाहेबांची बारीक नजर. ते बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले होते. लोकांच्या घरी कोण येतं, कोण जातं, कोण राहतं हे त्यांना तोंडपाठ असायचं. मला ते अजिबात आवडायचे नाहीत, बहुधा आमचा स्वभाव एकच असल्यामुळे.

सोसायटीचा एक कडक नियम होता. पेइंग गेस्ट ठेवायचा नाही. आता लपवण्यात काय अर्थ आहे, तो नियम माझ्यामुळेच झाला होता. तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चार मुलं पेइंग गेस्ट म्हणून राहायची, कुठल्याशा एक्सपोर्टच्या ऑफिसात कामाला. जिन्यात सिगरेटची थोटकं टाकायची. मी इंग्रजीत तक्रार लिहिली, घरोघर फिरून सह्या गोळा केल्या आणि पंधरा दिवसांत त्या मुलांचं बिऱ्हाड हलवलं. त्या पराक्रमावर आमचे हे सोसायटीच्या कमिटीत निवडून आले. यांना स्वतःला कमिटी बिल्कुल नको होती, पण निवडून आले.

पुढच्याच वर्षी मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि त्याची खोली रिकामी झाली. हे महिन्यातले पंधरा दिवस टूरवर. घरात दिवसभर बोलायला कुणी नाही, आणि शेजारणीशी हिंदीत बोलून बोलून माझा जबडा दुखायचा. अशात दिल्लीच्या मराठी मंडळाच्या गणपतीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या एक ओळखीच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, मॉरिशसची एक मुलगी आहे, आपल्यातलीच, मराठी. सरकारी शिष्यवृत्तीवर दिल्लीत बी.ए. करतेय. हॉस्टेलच्या जेवणाने कावीळ झाली, डॉक्टरांनी घरचं जेवण सांगितलंय. तुझी खोली रिकामी आहे ना?

मी विचारलं, मॉरिशसची, मग आपल्यातली कशी? त्यांनी सांगितलं की तिच्या पणज्याच्याही आधीचं कुणीतरी रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात कामाला गेलं होतं. तिकडे तसे पुष्कळ मराठी लोक आहेत, गणपती बसवतात. मला ते ऐकून बरं वाटलं नाही. इतक्या पिढ्या समुद्रापार राहून कुणी मराठी कसं राहील? आमच्या सोसायटीतल्या मराठी पोरांना इथल्या इथे दहा वर्षांत 'परवा' आणि 'तेरवा' कळेनासं झालं होतं.

मुलगी आली. सावळी, कुरळ्या केसांची, विशीची. हात जोडून म्हणाली, "नमस्कार. आपली प्रकृती कशी आहे?" मी दचकलेच. असं मराठी मी फक्त मुलाच्या पाचवीच्या पुस्तकात वाचलं होतं. ती शाळेत पुस्तकातूनच शिकली होती म्हणे, घरी ते लोक त्यांची वेगळीच भाषा बोलायचे. मी मनात म्हटलं, ठीक आहे, बघू किती दिवस टिकतं हे सोंग.

मग तिला ठेवून का घेतली? एक तर मला सोबत हवी होती. शिवाय खोलीचं भाडं येणार होतं, तेही नको होतं असं नाही. अडचण होती ती नियमाची. मीच केलेला नियम मीच मोडायचा म्हणजे सेक्रेटरीसाहेबांच्या हातात आयतं कोलीत देणं. तेव्हा मी युक्ती काढली. ही माझी भाची. बहिणीची मुलगी, पुण्याहून शिकायला आलेली. आमचं मराठी आणि तिचं मराठी यातला फरक त्या अख्ख्या सोसायटीत कुणाला कळणार होता? मी तिला बजावलं, मला मावशी म्हणायचं, आणि लिफ्टमध्ये मॉरिशसचं नाव काढायचं नाही. ती गोंधळली. हे असत्य नाही का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, अगं, आपल्यात आईच्या वयाच्या सगळ्या बायका मावश्याच असतात. तिला ते एकदम पटलं. इतकं पटलं की मला पुन्हा संशय आला.

गार्डच्या रजिस्टरमध्ये मी स्वतः लिहिलं, भांजी, पुणे.

पुढचे तीन-चार महिने मी तिच्यावर पाळत ठेवली. दुसरा शब्द नाही त्याला. मुलाचा स्वेटर शोधायच्या निमित्ताने तिचं कपाट उघडलं, तर पासपोर्ट हाताला लागला. आडनावाच्या जागी चक्क कुणाचं तरी पाळण्यातलं नाव. झालं, मला वाटलं सापडली. संध्याकाळी मी आडून आडून विचारलं. तिने हसत सांगितलं की त्यांचा तो पूर्वज बोटीतून उतरला तेव्हा तिथल्या कारकुनाने नाव विचारलं, याने नुसतं आपलं नाव सांगितलं, आणि तेव्हापासून तेच घराण्याचं आडनाव झालं. खरं आडनाव काय होतं ते आता कुणालाच माहीत नाही. हे सांगताना ती हसत होती, आणि मला मात्र उगाच भरून आलं. पण दुसऱ्या दिवशी मी मंडळातल्या एका जाणत्या गृहस्थांना फोन करून खात्री करून घेतलीच.

दर रविवारी तिच्या आईचा फोन यायचा. ती हळू आवाजात तिच्या भाषेत बोलायची आणि मधूनमधून 'मावशी' हा शब्द यायचा. मी स्वयंपाकघरात नळ बंद करून ऐकायचे. एकदा न राहवून विचारलं, माझ्याबद्दल काय सांगतेस गं घरी? तर म्हणाली, आज मावशीने काय केलं होतं ते आईला सांगते, आई लिहून घेते. आमटी, अळूवडी, थालीपीठ. मी जाऊन नळ पुन्हा सोडला.

आणि एकदा मला सणसणून ताप आला. हे टूरवर. ती दोन दिवस कॉलेजला गेली नाही. मऊ भात केला, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, माझे केस विंचरून दिले. मी पडल्या पडल्या एक डोळा किलकिला करून बघत होते, ही माझ्या कपाटाकडे जाते का. ती गेली नाही. हे आठवलं की अजून माझी मलाच लाज वाटते.

संक्रांत झाली आणि तिच्या व्हिसाचा विषय निघाला. विद्यार्थ्यांचा व्हिसा एकेका वर्षाचा असायचा, दरवर्षी मुदत वाढवून घ्यावी लागायची. दोन वर्षं ते काम हॉस्टेलमधून व्हायचं. आता पत्ता आमचा, म्हणजे हरियाणातला, तेव्हा अर्ज आमच्या जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत, परदेशी नागरिकांच्या शाखेत करायचा. तिने कॉलेजचं पत्र आणलं, फोटो काढले, फॉर्म भरला आणि पत्त्याच्या रकान्यात आमचा फ्लॅट नंबर लिहिला. एप्रिलमध्ये शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. व्हिसा मार्चमध्ये संपत होता. शिष्यवृत्ती तीनच वर्षांची. आता परत जावं लागलं तर पदवी गेली, पुन्हा यायला पैसे नाहीत. तिचे वडील तिकडे बस चालवायचे आणि घरात कॉलेज बघणारी ती पहिलीच.

अर्ज देऊन आल्यावर तिने मला नीट समजावून सांगितलं. पोलीस घरी चौकशीला येतील. तुम्ही फक्त एवढंच सांगायचं, ही इथे राहते. बाकी काही नाही.

मी रात्री यांना सांगितलं. यांनी ऑफिसात विचारून आणलं, तर नवीनच भानगड. परदेशी माणूस घरात ठेवला की ताबडतोब पोलिसांना कळवायला लागतं. आम्ही चार-पाच महिने कळवलंच नव्हतं. हे म्हणाले, घाबरतेस काय, फार तर दंड करतील. सरळ खरं सांगून टाक, सोसायटीचं मी बघतो. बोलायला काय जातंय यांचं. सह्या गोळा करायला मी फिरले होते, हे नव्हते. ती चार मुलं कॉट आणि बादल्या टेम्पोत चढवत होती तेव्हा गॅलरीत उभी राहून मी बघितलं होतं. आता सगळी सोसायटी मला बघणार होती. तरी मी हो म्हटलं. आणि हे तीन दिवसांसाठी मुंबईला गेले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी अकराला बेल वाजली. दारात हवालदार, हातात फाइल. तो एकटा असता तर मी खरं सांगितलं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे. पण गार्डने त्याला आधी सेक्रेटरीसाहेबांकडे पाठवलं होतं, आणि ते त्याच्या मागे उभे होते. हसत होते. म्हणाले, "देखिए ना भाभीजी, ये कह रहे हैं कि आपके यहाँ कोई विदेशी लड़की रहती है।"

मला त्यांचं ते हसणं सहन झालं नाही. मी कानांवर हात ठेवले. म्हटलं, "नहीं जी। यहाँ कोई विदेशी नहीं रहती। मेरी भांजी रहती है, पूना की।"

हवालदार भला माणूस होता. त्याने दोनदा विचारलं. नाव वाचून दाखवलं. मी म्हटलं, असं कुणी इथे नाही. सेक्रेटरीसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग म्हणाले की हो, रजिस्टरमध्येही भांजी असंच लिहिलंय. त्याने लिहून घेतलं, मी सही केली, साहेबांनी साक्षीदार म्हणून सही केली. दार लावल्यावर मी अर्धा तास जमिनीवर बसून होते.

संध्याकाळी ती कॉलेजातून आली. बॅग ठेवायच्या आधी विचारलं, कुणी आलं होतं का? मी म्हटलं, नाही बाई.

मला वाटलं, काहीतरी होईल. पुन्हा कुणी येईल, मी तेव्हा सांगेन. यांना सांगेन आणि हे जाऊन निस्तरतील. हे परत आले तेव्हा त्यांनाही मी सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज कुकर लावता लावता राहून जायचं. ती बिचारी दर आठवड्याला कचेरीत चकरा मारत होती, आणि मी तिला डबा भरून देत होते. डब्यात तिच्या आवडीची थालीपिठं. तेवढंच जमत होतं मला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिला कळलं. अर्जावर शेरा पडला होता. दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, पत्ता खोटा. मुदतवाढ मिळणार नाही. व्हिसा संपायच्या आत देश सोडायचा, नाहीतर घरमालकाला घेऊन अधिकाऱ्यांना भेटायचं. ती आली आणि खुर्चीत बसून राहिली. रडली नाही. म्हणाली, तो हवालदार आलाच नसेल, मावशी. न येताच त्याने लिहिलं. मी तुमच्याकडे राहते हे तर सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि मी काय बोलले? मी म्हटलं, "असेच असतात हे पोलीस. घरी बसून रिपोर्ट लिहितात."

आयुष्यभर ज्याच्या त्याच्यावर संशय घेतला, आणि ज्याने आपलं काम चोख केलं त्या हवालदारावर आळ घेताना माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही. ती मान हलवत होती. तिला माझं पटत होतं.

यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, मग उद्या तू जा तिच्याबरोबर, प्रश्न मिटला. मला नाही म्हणायला कारणच सापडेना. मी मनाशी हिशेब केला. तिथे जायचं, ही माझ्याकडे राहते असं सांगायचं, दंड भरायचा. सोसायटीत व्हायचं ते होऊ दे. फक्त तो जुना कागद कुणी वाचून दाखवू नये. मी रात्री देवापुढे हात जोडले ते त्या मुलीच्या व्हिसासाठी नव्हते, त्या कागदासाठी होते.

सकाळी आम्ही बसने गेलो. ती खिडकीशी बसली होती, मांडीवर अर्थशास्त्राची वही. मध्येच माझा हात धरून म्हणाली, मावशी, तुम्ही माझ्यासाठी येत आहात. मी म्हटलं, वाच तू, परीक्षा आलीय.

अधिकारी पन्नाशीचे, चष्मा नाकावर आलेला, आवाज चढलेला नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फाइल उघडली. मी घाईघाईने बोलायला लागले, की ही माझ्याकडे सप्टेंबरपासून राहते, आम्ही कळवायला हवं होतं, आमची चूक झाली, जो असेल तो दंड भरू. त्यांनी हाताने मला थांबवलं आणि एक कागद वर घेतला. हळूहळू, एकेक शब्द सुटा करून वाचला. "मौके पर मकान मालकिन ने बताया कि यहाँ कोई विदेशी नहीं रहती। केवल उनकी भांजी रहती है, पूना निवासी।" मग कागद माझ्याकडे फिरवून विचारलं, ही सही तुमची का?

मी हो म्हटलं.

मुलीने सहीकडे बघितलं. सहीखालची तारीख वाचली. ती तारीख तिला आठवत असणार, कारण तिने तेव्हा रोज विचारलं होतं, कुणी आलं होतं का. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मी काहीतरी बोलले असते. पण ती नुसतीच जरा सरळ बसली आणि तिने तिची वही माझ्या बाजूच्या टेबलावरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली.

अधिकारी म्हणाले, दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत. भाची असेल तर ही भारतीय, मग हा पासपोर्ट कुणाचा? भाची नसेल तर तुम्ही पोलिसांना खोटं सांगितलं. त्यांनी माझ्याकडून उत्तर घेतलंच नाही. माझ्या बोलण्यावर त्यांचा आता विश्वास कसा बसावा? ते मुलीकडे वळले.

"सच-सच बताओ बेटा, ये तुम्हारी क्या लगती हैं?"

ती माझ्याकडे वळली नाही. तिने स्वच्छ हिंदीत सांगितलं, "कुछ नहीं लगतीं, सर। मकान मालकिन हैं।"

अधिकाऱ्यांनी ते वाक्य तसंच्या तसं फाइलवर उतरवून घेतलं. तिच्याकडून सही घेतली, मग माझ्याकडून. हेच आधी सांगितलं असतं तर महिना वाया गेला नसता, असं मला म्हणाले, लेखी समज दिली आणि दंडाची पावती फाडली. तिला जुलैपर्यंतची मुदतवाढ मिळाली. पासपोर्टवर शिक्का बसला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले होते, आणि मी तिच्या शेजारी बसून माझ्या पर्सचा बंद नुसता गुंडाळत होते.

परतीच्या बसला गर्दी नव्हती. मी खिडकीशी बसले आणि शेजारी जागा ठेवली. ती आली, माझ्या पुढच्या सीटवर बसली आणि वही उघडून वाचायला लागली.